जाळीदार: रेषांचं की भोकांचं?

कोल्हापूरच्या एका शिक्षिकांचा प्रश्न: पिंपळाच्या पानाच्या शिरा जाळीदार आणि दिवाळीचा अनारसाही जाळीदार. एकात रेषा दिसतात, दुसऱ्यात भोकं. मग शब्द एकच कसा? आणि लिहिताना ‘जालाकार’ हवं का?

जाळीला दोन्ही लागतं, एकमेकांना मिळणारे धागे आणि त्यांच्यामधली घरं. कुठे धागे डोळ्यांत भरतात, कुठे घरं. खरबुजाच्या सालीवर तर भोक एकही नसतं, नुसत्या उठावाच्या रेषा. तरी ती जाळीदारच. उसाच्या पानात शिरा शेजारी-शेजारी सरळ धावतात, म्हणून तो शिराविन्यास, म्हणजे शिरांची मांडणी, समांतर.

अनारशाची जाळी मात्र कमवावी लागते. खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर, न उलटता, झाऱ्याने वरून तूप उडवत तळला की जाळी पडते. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात ‘हसतो’, म्हणजे विरघळून पसरतो. तिथे भोकं भरपूर, पण त्यांना धरून ठेवणारा धागाच उरत नाही. त्याला जाळीदार कुणी म्हणत नाही. गूळ कमी पडला तर अनारसा घट्ट राहतो, जाळी सुटतच नाही.

हाच फरक सोयाबीनच्या रानात फार नेमका कळतो. तंबाखूची पाने खाणारी अळी लहान असताना घोळक्याने पानाचा हिरवा भाग खरवडते, शिरा सोडते. पान पांढरट, जाळीदार दिसतं. अळ्या मोठ्या होऊन पांगल्या की पानाला भोकं पडतात. मग आपण ‘पानांची चाळण झाली’ म्हणतो. पान जाळीदार दिसतंय तोवरच ते अळ्यांसकट तोडून नष्ट करणं सोपं असतं, म्हणून इथे शब्द अचूक हवा.

‘जाळीचा’ वेगळा. जाळीचं दार म्हणजे जाळी ठोकून केलेलं. जाळीदार नक्षी म्हणजे तशी दिसणारी. शिवाय ‘जाळीचा-ची-चे’ बदलतं, ‘जाळीदार’ धारदार-टोकदारसारखं तसंच राहतं. पन्हाळ्याच्या बाजूला करवंदीची जाळी म्हणतात ती झुडपांची दाटी. तिच्यावरून ‘जाळीदार’ होत नाही.

‘जालाकार’ चूक नाही, पण वर्गात ‘जाळीदार’च लिहावं. पाठ्यपुस्तकातही ‘जाळीदार शिराविन्यास’ असंच असतं.