आधी स्टँड, मग हॅलो

चिरंजीव, आशीर्वाद.

रविवारी तू आलास, चहा गार होईपर्यंत इकडचं तिकडचं बोललास आणि खरी गोष्ट जाताना जिन्यात विचारलीस. "काका, गाडीवर असताना साहेबांचा फोन आला तर उचलू की नको? ब्लूटूथ घेतलं तर चालेल ना?" त्याआधी कुर्ल्याला एलबीएस रोडवर बेस्टच्या बसला मागून चाक टेकल्याचं तू हसत हसत सांगितलं होतंस. हेल्मेटात खुपसलेला फोन, कानात साहेब आणि समोर थांबलेली बस. तेव्हा मी नुसती मान हलवली. तू गेल्यावर काकू म्हणाली, पोराला उत्तर तरी द्यायचं होतंत.

उत्तर चार शब्दांचं आहे. आधी स्टँड, मग हॅलो.

जपून जा, घरी आई वाट बघते, हे सांगायला मी कशाला हवा? ते तुला कळतं. तुला कळत नाहीये ते ब्लूटूथचं. तुझा समज असा, की हात मोकळे झाले म्हणजे प्रश्न मिटला. आपण मेडिकल रेप्रेझेंटेटिव्ह लोक डॉक्टरांसमोर पेपर ठेवतो, तसा एक तुझ्यासमोर ठेवतो. १९९७ सालचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. टोरांटोच्या रेडेलमायर आणि तिब्शिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोन चालू असताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला. आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा काही जास्त फायदा दिसला नाही. डॉक्टरला तू असा पेपर दाखवला असतास तर छातीठोकपणे प्रिस्क्रिप्शन मागितलं असतंस. मग स्वतःच्या बाबतीत का मागेपुढे?

कारण सोपं आहे. साहेब विचारतो, "सेकंडरी किती झाली?" म्हणजे स्टॉकिस्टकडून, आपल्या घाऊक विक्रेत्याकडून, दुकानांत किती माल गेला. तू आकडा आठवायला लागतोस. डोळे रस्त्यावरच असतात, पण तुला दिसत असतं ते स्टॉकिस्टचं स्टेटमेंट. मागे बसलेला माणूस खड्डा दिसला की आपोआप गप्प होतो, कधी कधी "अरे अरे" असं ओरडतोसुद्धा. फोनवरच्या साहेबाला खड्डा दिसत नाही. तो बोलतच राहतो आणि तू "हो सर, हो सर" करत त्या खड्ड्यात जातोस.

आणि नुसतं नाव बघायचं म्हटलं तरी हिशेब कर. पन्नासच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. खाली बघून फोन कोणाचा हे वाचायला दोन सेकंद धर. लोकलचा एक डबा वीसेक मीटरचा असतो. म्हणजे तू सव्वा डब्याहून जास्त अंतर आंधळा गेलास. सायनच्या सिग्नलला सव्वा डब्यात किती माणसं रस्ता ओलांडतात, हे तुला मी सांगायला नको.

दंडाचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर: गाडी चालवताना हातात फोन धरून वापरला तर पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. २०२० पासून नकाशा बघण्यापुरती सूट आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तर. हँडलवरच्या त्या होल्डरमध्ये तू नकाशाच बघतोस, हे मला मान्य. पण त्याच पडद्यावर टीमच्या ग्रुपचे मेसेज टपकत असतात, ते कोण वाचतं?

आता तुझी खरी अडचण. "साहेब चिडतात, काका." चिडू दे! तीन मिनिटांत कुठला स्टॉकिस्ट दुकान उचलून पळतो रे? सकाळीच साहेबांना मेसेज टाक: सर, गाडीवर असताना फोन घेत नाही, थांबलो की लगेच करतो. आणि ते "लगेच" पाळ. दोन व्हिजिटच्या मध्ये, डॉक्टरच्या वेटिंगमध्ये, पेट्रोल पंपावर, तुझ्याकडे वेळच वेळ असतो. फोन खिशात ठेवू नकोस, मांडीला थरथर लागली की हात जातोच. बॅगेत टाक, सॅम्पलच्या खाली. आणि हो, फ्लायओव्हरच्या कडेला गाडी लावून बोलणं म्हणजे थांबणं नव्हे. तिथे मागून येणाऱ्यासाठी तूच खड्डा असतोस. सर्व्हिस रोडला उतर, सोसायटीच्या गेटपाशी जा, स्टँड लाव. जागा नाही मिळाली तर हॅलो नाही. आधी स्टँड.

तुला वाटेल म्हाताऱ्याला आता काय जातंय सांगायला. म्हणून तुला ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. चिडणारा तो साहेब मी होतो.

३१ मार्च २००८, सोमवार. क्लोजिंग, वर्षाच्या विक्रीचा हिशेब बंद करायचा दिवस. माझ्या टीममधल्या एका पोराचा आकडा यायचा होता. मी फोन लावला. तो म्हणाला, "सर, गाडीवर आहे." मी म्हणालो, "फक्त आकडा सांग." मला मागचा ट्रकचा हॉर्न स्वच्छ ऐकू येत होता. तो आकडा सांगू लागला, मी म्हणालो हा प्रायमरीचा झाला, कंपनीने स्टॉकिस्टला दिलेल्या मालाचा, सेकंडरी सांग. मग फोन पडल्याचा आवाज आला. रेंज गेली असं समजून मी पुन्हा लावला. दोनदा.

विक्रोळीजवळ हायवेवर डिव्हायडरला धडकला होता. वाचला. पायात रॉड बसला आणि पुन्हा कधी फील्डवर आला नाही.

मी त्यावेळी सगळ्यांना काय सांगत होतो? रस्त्यावर खडी होती. ती होतीच, मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिली. मला वरून तासातासाला फोन येत होते, तेही खरं. त्याने नाही उचलला असता तर मी काय गोळी घालणार होतो? असं मी पुष्कळ वर्षं म्हणालो, आणि आजही हे लिहिताना ते वाक्य कागदावर उतरलंच बघ. पण हॉर्न मी ऐकला होता. "गाडीवर आहे" हेही ऐकलं होतं. फोन ठेवायला मला एक सेकंद लागला असता.

म्हणून हा नियम तुझ्या एकट्यासाठी नाही. दोन वर्षांत तू मॅनेजर होशील, तुझी टीम असेल, तुझं क्लोजिंग असेल. समोरून हॉर्न ऐकू आला की वाक्य अर्ध्यात सोडून फोन ठेवायचा. "थांबून कर" इतकंही म्हणायचं नाही, नुसता ठेवायचा. ते जमणार नसेल तर मॅनेजर होऊ नकोस, रेप्रेझेंटेटिव्ह म्हणूनच रिटायर हो, मला तू तसाही आवडशील.

त्या पोराचा नंबर माझ्याकडे अजून आहे. दर ३१ मार्चला काढतो आणि म्हणतो, आत्ता गाडीवर असेल, नको. गेल्या वर्षी रात्री अकरा वाजता काढला होता. तेव्हाही तेच म्हणालो.

तुझा,
काका