सार्वजनिक वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठी सुरुवात कुठून करावी? तयार विजेट लावून भागतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लोकांकडून अर्ज भरून घेणारी वेबसाइट दिव्यांगांना वापरता येईल अशी करायची तर सुरुवात कुठून करायची, आणि पानाच्या कोपऱ्यात बसवायचं तयार विजेट, म्हणजे अक्षरं मोठी करणं, रंग उलटे करणं अशा सोयी देणारं बटण, विकत घेतलं तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाही चालणार. या सोयी ज्यांना लागतात त्यांच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये त्या आधीपासून असतात, आणि त्यांनी त्या आपल्या सवयीप्रमाणे लावूनही घेतलेल्या असतात. उलट तुमच्या फॉर्ममध्ये एखाद्या रकान्याला कोडमध्ये नावच दिलेलं नसेल, तर तिथे काय भरायचं आहे हे विजेट खात्रीने सांगू शकत नाही. ते पैसे फॉर्म दुरुस्त करण्यावर खर्च करा.

मी वेबसाइट बनवण्याचं काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने केलेला एक ऑनलाइन अर्ज एका अंध बाईंनी माझ्या शेजारी बसून भरून पाहिला. त्या स्क्रीन रीडर वापरत होत्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्राम. त्यांनी पुढच्या रकान्यावर नेणारी टॅबची कळ दाबली. "एडिट, ब्लँक." पुन्हा टॅब. "एडिट, ब्लँक." म्हणजे इथे रिकामा रकाना आहे, एवढंच. सात रकाने, सातही वेळा तेच. पडद्यावर प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख असं ठळक लिहिलेलं होतं, पण ते अक्षर आणि तो रकाना कोडमध्ये एकमेकांना जोडलेलेच नव्हते. बाईंनी अंदाजाने सगळं भरलं आणि बटण दाबलं. जन्मतारखेभोवती लाल चौकट उमटली. कानावर काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "गेला का अर्ज?"

दुरुस्ती एका दुपारची होती. प्रत्येक रकान्याला कोडमध्ये लेबल, म्हणजे त्याचं नाव, जोडलं, "जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष अशी लिहा" असं काय चुकलं ते शब्दांत सांगणारं वाक्य घातलं, आणि चूक झाली की फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता जिथे काम करतोय ती जागा, आपोआप त्या रकान्यावर जाईल असं केलं. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत सूचना लिहून तिलाच लेबल समजणारे पुष्कळ आहेत. टाइप करायला लागलं की ती सूचना नाहीशी होते, आणि आपण काय भरत होतो हे ज्याच्या लक्षात राहत नाही त्याची पंचाईत होते.

म्हणून माझा सल्ला असा की सगळी वेबसाइट एकदम हातात घेऊ नका. लोक ज्या कामासाठी तुमच्याकडे सर्वांत जास्त येतात ते एकच काम निवडा. माउस बाजूला ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा एवढ्यांवर ते शेवटपर्यंत करून पाहा. आपण आत्ता कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसते का? दिसायला बरी नाही म्हणून ती सीएसएसमधून, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडमधून, काढून टाकलेली बऱ्याच ठिकाणी आढळते. मेनू उघडतो का? उघडलेली खिडकी एस्केपने बंद होते, की माणूस तिच्यातच अडकून पडतो? अडतं तिथे बहुतेक वेळा बटणासारखा रंगवलेला साधा डिव्ह, म्हणजे कोडमधला नुसता रिकामा चौकोन, सापडतो. एचटीएमएलचं, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्यातलं, खरं बटण वापरलं तर फोकस, एंटर-स्पेसला प्रतिसाद आणि स्क्रीन रीडरने "बटण" म्हणून सांगणं, हे सगळं फुकट मिळतं.

मग स्क्रीन रीडर सुरू करा. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळतो. ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतोच. एनव्हीडीएमध्ये एच दाबत गेलं की एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते; बरेच अंध वाचक पान असंच चाळतात. शीर्षक म्हणून नुसतं ठळक केलेलं वाक्य त्या उडीत लागतच नाही. पानाची भाषाही कोडमध्ये नोंदवा (मराठीसाठी 'mr'), नाहीतर मजकूर चुकीच्या आवाजात वाचला जाऊ शकतो. चित्राचा ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडरने वाचायचा मजकूर, लिहिताना ते चित्र तिथे कशासाठी आहे ते लिहा. नुसत्या सजावटीच्या चित्राचा ऑल्ट रिकामा ठेवा, पण गाळू नका. गाळला तर काही वेळा फाइलचं नावच वाचलं जातं. आणि स्कॅन करून चढवलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी फोटो.

नियम हवे असतील तर डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती 1999 मध्ये आणि 2.2 ही ऑक्टोबर 2023 मध्ये काढली. त्यातल्या ए, एए, एएए या तीन पातळ्यांपैकी मधली एए गाठायचं ठरवा. साध्या मजकुराचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, किमान 4.5:1, मोठ्या अक्षरांचा 3:1. हात थरथरणाऱ्यालाही दाबता यावं म्हणून बटण 24 बाय 24 पिक्सेलपेक्षा लहान नको. व्हिडिओला कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणारी ओळ, हवं, आणि आपोआप तयार झालेलं असेल तर माणसाने वाचून सुधारलेलं. फॉर्म भरायला वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी सूचना द्या आणि मुदत वाढवायला निदान 20 सेकंद तरी द्या. या नियमांची यांत्रिक तपासणी करणारी साधनं जरूर वापरा, पण त्यांना ऑल्ट आहे एवढंच कळतं, तो बरोबर आहे का ते कळत नाही.

भाषेकडे मात्र कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. "सदर अर्जासोबत आवश्यक त्या कागदपत्रांच्या छायांकित प्रती जोडणे बंधनकारक राहील" हे वाक्य ज्यांना वाचायला कष्ट पडतात त्यांना तिथेच थांबवतं. "अर्जासोबत या तीन कागदांच्या झेरॉक्स जोडा" असं लिहा आणि खाली ते तीन कागद सांगा.

हे झाल्यावर दोन-तीन दिव्यांग व्यक्तींना बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, काम सांगा आणि मध्ये बोलू नका. कुठे अडलं ते लिहून घ्या. प्रत्येक पानावर अडचण कळवायला एक ईमेल पत्ता आणि फोन नंबर ठेवा, आणि तिथे येणारं वाचायचं काम एका ठरावीक माणसाकडे सोपवा. फॉर्ममध्ये नवा रकाना आला की माउस पुन्हा बाजूला ठेवून पहिल्यापासून तपासा. आमच्याकडे लेबल नंतरही एकदा राहून गेलं होतं.