नवाहो शिक्षणावर संशोधनासाठी अमेरिकेत यायचं, तर मुक्काम कुठे ठेवावा?

नंदुरबारच्या आश्रमशाळा आणि मुलांची मातृभाषा यावर पीएचडी करते आहेस, तुलनेसाठी नवाहो या इथल्या आदिवासी लोकांचं शालेय शिक्षण घ्यायचं आहे आणि वर्षभर राहायला न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की बरं की अॅरिझोनातलं फ्लॅगस्टाफ, असं तू विचारलंस. मी बरीच वर्षं याच भागात राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत अल्बुकर्की. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या झिमरमन ग्रंथालयातल्या विशेष संग्रहात रॉबर्ट यंग यांची कागदपत्रं आहेत. यंग आणि स्वतः नवाहो असलेले अभ्यासक विल्यम मॉर्गन, या दोघांनी मिळून नवाहो भाषेचं व्याकरण आणि कोश रचला आणि १९४३ पासून नवाहोतलं वर्तमानपत्रही चालवलं. तिथेच १९६० च्या दशकाअखेरीस टेप केलेल्या मौखिक मुलाखतींचे उतारेही मिळतील. तुझ्या विषयासाठी मी या मुलाखतींपासूनच सुरुवात करीन, कारण शाळेत गेलेल्या माणसांचा आवाज सरकारी फायलींत क्वचितच सापडतो.

सरकारी बाजू मात्र टाळू नकोस. अमेरिकी सरकार आणि नवाहो यांच्यातल्या १८६८ च्या तहाच्या सहाव्या कलमात ६ ते १६ वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवायचं बंधन आहे आणि दर ३० मुलांमागे इंग्रजी शिक्षण देणारा एक शिक्षक देण्याचं आश्वासन आहे. पुढच्या निवासी शाळांचा पत्रव्यवहार अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘रेकॉर्ड ग्रुप ७५’ या क्रमांकाखाली शोध. त्याच्या शेजारी रफ रॉक इथल्या शाळेची माहिती ठेवून वाच. १९६६ मध्ये सुरू झालेली ही शाळा स्थानिक नवाहो मंडळाच्या हातात होती. दोनच वर्षांनी नवाहोंनी स्वतःचं कॉलेज काढलं, तेच आजचं त्सेली इथलं दिने कॉलेज.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रंथालयात खोकं उघडायला मिळालं म्हणजे त्यातलं सगळं आपलं झालं, असं इथे कुणी मानत नाही, आणि ते योग्यच आहे. विधींची वर्णनं, वाळूचित्रांच्या नकला, फक्त हिवाळ्यात सांगायच्या कथा हे सगळं पूर्वीच्या अभ्यासकांनी टिपून नेलं. सांता फेच्या व्हीलराइट संग्रहालयाची स्थापना १९३७ ची, मेरी व्हीलराइट आणि हस्तीन क्लाह या नवाहो वैद्याने मिळून केलेली. त्या संग्रहालयानेही १९७७ मध्ये पवित्र वस्तू नवाहोंना परत केल्या. २००६ मध्ये फ्लॅगस्टाफलाच आदिवासी आणि इतर अभिलेखपालांनी एकत्र बसून अशा सामग्रीसाठी नियमावली तयार केली. ती इथे येण्याआधी वाच.

जिवंत माणसांशी बोलायचं असेल, तर नवाहो नेशनच्या, म्हणजे नवाहोंच्या स्वशासित प्रदेशाच्या, मानवी संशोधन समीक्षा मंडळाची परवानगी लागते. विद्यापीठाची नैतिक मंजुरी त्यासाठी पुरत नाही. स्थानिक ‘चॅप्टर’चा, म्हणजे तिथल्या गावपातळीवरच्या शासनाचा, पाठिंबा मिळवावा लागतो आणि लेख छापण्याआधीही मंडळाला दाखवावा लागतो. याला वेळ लागतो, तो वेळापत्रकात आत्ताच धर. एका वर्षाच्या मुक्कामात हे बसत नसेल, तर फक्त कागदपत्रांवर काम कर. ते मला जास्त प्रामाणिक वाटेल.

राहण्याचं थोडक्यात: गाडी चालवता आलीच पाहिजे. विंडो रॉक ही नवाहो नेशनची राजधानी अल्बुकर्कीहून साधारण अडीच-तीन तासांवर आहे आणि बसच्या भरवशावर ते जमत नाही. फ्लॅगस्टाफला एखादा आठवडा जा, नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाच्या क्लाइन ग्रंथालयातले फोटो आणि ध्वनिमुद्रणं पाहा. सात हजार फुटांवरचं गाव आहे, हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतं. उन्हाळ्यात घड्याळाकडेही लक्ष ठेव, कारण अॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही आणि नवाहो नेशन करतं, त्यामुळे तासाभराचा फरक पडतो. कुठेही जाण्याआधी ईमेल कर, काही खोकी दुसरीकडे ठेवलेली असतात.

आणि नवाहोचा एक तरी वर्ग लाव. मातृभाषेतल्या शिक्षणावर लिहायचं आणि ती भाषा कानावरून गेलीच नाही, हे मला पटत नाही. प्रस्तावाचा कच्चा मसुदा झाला की पाठव, परवानगीचा भाग मी वाचून देईन.