थिनरला केळ्याचा वास का येतो?

प्रश्न : घरातील कपाटाला पॉलिश करताना थिनरला पिकलेल्या केळ्यासारखा वास येत होता. बनाना इसेन्सलाही तसाच वास येतो. हा पदार्थ केळ्यांतूनच काढतात का, आणि वास गोड असल्यामुळे तो निरुपद्रवी मानावा का?

उत्तर : इसेन्समधील वासाचा मुख्य धनी आयसोअमाइल ॲसिटेट हा एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणारा पदार्थ) आहे, थिनरमध्ये तोच किंवा त्याचा भाऊबंद ब्युटाइल ॲसिटेट असू शकतो, आणि नुसत्या नाकाने दोघांतला फरक ओळखणे कठीण असते. केळे पिकताना हा एस्टर त्यात आपोआप तयार होतो, परंतु इतका थोडा की केळ्यांतून तो काढणे परवडत नाही. म्हणून आयसोअमाइल अल्कोहोल आणि व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल यांच्यापासून तो बनवतात. हे अल्कोहोल आपल्याला परके नाही : साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून मद्यार्क काढताना जे फ्यूजेल तेल वेगळे होते, त्यात त्याचाच भरणा मोठा असतो.

प्रयोगशाळेत हा बदल फार सुरेख अनुभवता येतो. अल्कोहोलचा वास घसा खवखवायला लावणारा, आम्लाचा नाकात झोंबणारा. पण सल्फ्युरिक आम्लाचे थोडे थेंब घालून मिश्रण तापवले आणि मग सोड्याच्या थंड पाण्यात ओतले, की फेस येऊन आंबट वास ओसरतो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरातून केळे दरवळू लागते.

हा एस्टर सुमारे १४२ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे ॲसिटोनपेक्षा तो सावकाश उडतो आणि नायट्रोसेल्युलोजचे लॅकर (सुकून चकचकीत थर देणारे रोगण) लाकडावर सारखे पसरायला वेळ मिळतो. पॉलिशमध्ये त्याचे खरे काम हेच आहे. (जर्मनीत १८८४ मध्ये हेफनर-आल्टेनेक या अभियंत्यांनी प्रकाशाचे माप ठरवण्यासाठी जो दिवा योजला, त्यातही अमाइल ॲसिटेटच जळत असे, ज्योत ४० मिलिमीटर उंच ठेवावी लागे.)

तो इतका सहज पेटतो, ही गोष्ट मात्र गोड वासामुळे विसरली जाते. खाद्यपदार्थांत तो अत्यल्प आणि शुद्ध स्वरूपात वापरतात. थिनरमध्ये त्याच्यासोबत टोल्युइनसारखी घातक द्रावकेही असू शकतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, म्हणून पॉलिशचे काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे आणि देवापुढची समई किंवा उदबत्ती वास पूर्ण जाईपर्यंत अजिबात लावू नये.