उरणला कामानिमित्त महिनाभर आहे. घारापुरी सोडून पाहण्यासारखं काही आहे का?

आहे की. पण घारापुरीला उरणपासून वेगळं काढू नका, ती आमच्याच तालुक्यात येते. पर्यटकांच्या बोटी गेटवेहून सुटतात, म्हणून सगळे तिला मुंबईची समजतात. २०१८ मध्ये बेटावर वीज आली तीसुद्धा समुद्राखालच्या केबलने, इकडच्या बाजूने. लेण्यांचं नाव मुंबईला आणि बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग आम्हाला, असा हिशेब आहे.

एकच रविवार मोकळा मिळणार असेल तर चिरनेरला जा. महागणपतीचं देऊळ आहे, शेंदूर चढवलेली भलीमोठी मूर्ती आहे. पण मी पाठवतोय ते हुतात्मा स्मारकासाठी. २५ सप्टेंबर १९३० ला आजूबाजूच्या गावांतले आगरी, कातकरी, कराडी लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानात इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्ध सत्याग्रहाला निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. त्या धुमश्चक्रीत मामलेदारही मारला गेला. दरवर्षी त्या तारखेला पोलीसच इथे हुतात्म्यांना मानवंदना देतात. तुमचा महिना सप्टेंबरचा असेल तर चुकवू नका.

येताना जासईला थांबा. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, त्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्यातूनच आली. नवी मुंबईत ज्याला 'साडेबारा टक्केवाला प्लॉट' म्हणतात तो हाच. हे माहीत असलं की बाहेरचे कंटेनर यार्ड वेगळे दिसायला लागतात.

पाय चांगले असतील तर द्रोणागिरी किल्ला. पहाटे निघा, कारण उन्हात दमट हवेने जीव जातो, आणि पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं. वर पोर्तुगीज चर्चचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत. खरी गंमत खाली बघण्यात आहे: एका बाजूला ओएनजीसीच्या टाक्या आणि चिमणीवर जळणारा जाळ, पलीकडे जेएनपीटी बंदराच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला करंजाच्या होड्या आणि खाडीपार रेवस. आजूबाजूला नौदलाची हद्द आहे, त्यामुळे ड्रोन वगैरे उडवू नका.

पिरवाडीचा किनारा ठीकठाक. खडकाळ आहे, पोहायला मुळीच नको. संध्याकाळी नांगरलेली जहाजं बघत बसायला बरा. पाणजेच्या पाणथळीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, पण भरतीचं पाणी आत येऊ दिलं तर. तो वेगळा भांडणाचा विषय आहे.

खायचं असेल तर बाजारातली सुकी मासळी बघून घ्या: सोडे, बोंबील, जवळा. हॉटेलातल्या 'आगरी थाळी'पेक्षा ऑफिसातल्या एखाद्या स्थानिकाने घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. तांदळाची भाकरी तिथेच खरी मिळेल.

मुंबईला जाऊन यायचं असेल तर जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आहे. मला मात्र मोराहून भाऊच्या धक्क्याची लाँच आवडते. फक्त ओहोटीची वेळ आधी विचारा. मोरा बंदरात गाळ इतका आहे की पाणी उतरलं की लाँच बंद.