चोविसावी फिल्म

"मॅडम, माझ्या हातून काही राहून गेलं आणि विमान पडलं तर?"

मी समुपदेशक, माझ्याकडे जबाबदारीच्या नोकरीतली माणसं हा प्रश्न घेऊन येतातच. नर्स औषधाच्या मात्रेबद्दल विचारते, बँकेतला माणूस तिजोरीच्या कुलपाबद्दल. निखिल (नाव बदललंय) मूळचा नाशिकचा, वय ३१. बंगळुरूला एका कारखान्यात विमानाचे कार्बन फायबरचे भाग बनतात, तिथे मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर. आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर व्हायचं. वडील ओझरला मिग लढाऊ विमानांच्या कारखान्यात होते. "बाबांचं बरं होतं, रिव्हेट डोळ्यांना दिसायचे. माझं सगळं थरांच्या आत," हे त्याचं पहिल्याच दिवशीचं वाक्य.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यालाच समजावून सांगायला लावलं. रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेलं कार्बन फायबरचं कापड, म्हणजे प्रिप्रेग, उणे १८ अंशांवर फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर काढलं की घड्याळ सुरू, बाहेरचा प्रत्येक तास नोंदवायचा. मग साच्यावर ठरलेल्या दिशेने एकेक थर. प्रत्येक थराच्या पाठीवरची प्लास्टिकची फिल्म सोलायची. ती आत राहिली तर तिथे थर एकमेकांना धरत नाहीत. शेवटी सगळं व्हॅक्यूम बॅगेत बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, साधारण १८० अंश आणि वातावरणाच्या सहा-सात पट दाब. "मोठा प्रेशर कुकरच, फक्त शिट्टी होत नाही," म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

ती फिल्मच त्याच्या मानगुटीवर बसली होती. त्यांच्याकडे सोललेली प्रत्येक फिल्म बाजूच्या बोर्डावर चिकटवतात, थर आणि फिल्म मोजून जुळवतात, दोघं सह्या करतात. तयार भागाची अल्ट्रासाउंडने तपासणी वेगळीच. तरी घरी जेवता जेवता हात थांबायचा: चोविसावी फिल्म मी खरंच पाहिली का? मग रात्रपाळीच्या सुपरवायझरला फोन, रजिस्टर बघायला लावायचं. वीसेक मिनिटं बरं वाटायचं. पुढे, "पण सही घाईत केली असेल तर?" बायको तीनदा "जुळली असणार रे" म्हणायची, चौथ्यांदा चिडायची.

सुरुवातीला मीही चुकले. इतक्या तपासण्या, इतकी माणसं, तू एकटा थोडाच आहेस, असा धीर दिला. दोन दिवसांनी मेसेज: "मॅडम, ते तपासण्यांचं परत एकदा सांगाल?" सुपरवायझर, बायको आणि आता मी!

यात त्याचे रोज दोन-अडीच तास जात होते, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान ओसीडीचं, म्हणजे तीच शंका आणि तीच खात्री पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं झालं, औषध सुरू झालं. इकडे मी धीर देणं बंद केलं. बायकोलाही बंद करायला सांगितलं. तिला ते कठोर वाटलं, साहजिकच आहे. निखिलला एक वही करायला लावली. शंका आली की तिला आधार काय ते लिहायचं. मोजलेलं, पाहिलेलं, नोंदीत सापडलेलं काही असेल तर सकाळी कामावर रीतसर कळवायचं. नुसतं "वाटतंय" असेल तर फोन नाही, उत्तराशिवाय झोपायचं. पहिला आठवडा वाईट गेला. एका रात्री दोनपर्यंत गॅलरीत बसून होता, पण फोन केला नाही.

पाचव्या आठवड्यात वहीत निराळीच नोंद. एका रोलच्या फ्रीझरबाहेरच्या तासांची बेरीज चुकली होती आणि हे त्याने स्वतः आकडे जुळवताना पाहिलं होतं. तीन दिवस झाले होते. साहेब ओरडतील म्हणून गप्प होता.

"ही कुठल्या रकान्यातली?" मी विचारलं.

बराच वेळ तो खाली बघत राहिला. "सकाळी सांगतो," म्हणाला.

सांगितलं. भाग अजून कारखान्यातच होते, थांबवले गेले. तपासणीनंतर दोन भंगारात गेले, आणि साहेब ओरडायचे ते ओरडलेच. पुढच्या कॉलला मी विचारलं, त्या रात्री झोप लागली का?

"नाही ना. पण पहिल्यांदाच विमानामुळे नाही, साहेबांमुळे जागा होतो."