सेल्समध्ये नवीन आहात? आधी नंबर सांभाळा

सर्वात आधी हे बघा, की ग्राहकाचा नवा नंबर तुमच्या फोनवर सेव्ह कुठे होतो. सिममध्ये किंवा नुसत्या फोनमध्ये जात असेल, तर आजच बदलून गूगल खातं निवडा. मग तोच नंबर लॅपटॉपवर आणि दुसऱ्या फोनवरही दिसेल.

आता महत्त्वाचं. असं सगळीकडे आपोआप दिसणं म्हणजे सिंक. सिंक म्हणजे बॅकअप (वेगळी जपून ठेवलेली प्रत) नव्हे, आणि बहुतेक नवे लोक इथेच फसतात. एका फोनवरून डिलीट केलेला ग्राहक सगळीकडून जातो. गूगल कॉन्टॅक्ट्सच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस असतो, नंतर गेलाच. म्हणून दर महिनाअखेरीला टार्गेटचा हिशेब लावताना सगळे कॉन्टॅक्ट एक्सपोर्ट करा, म्हणजे फाइल म्हणून बाहेर काढा, आणि ती सीएसव्ही (तक्त्यासारखी) फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, खरंच टाळू नका.

नेहमीच्या चुका:
- एकाच वेळी तीन अ‍ॅपना सिंकची परवानगी देणं. डुप्लिकेट नावांचा ढीग होतो.
- नुसतं 'पाटील साहेब' लिहिणं. 'पाटील, हार्डवेअर, सांगली' असं लिहा.

कंपनीचा डेटा खासगी खात्यात घेण्याआधी मात्र साहेबांना विचारा. सीआरएमचं, म्हणजे ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नंतर बघू. अडलात तर फोनचं मॉडेल कळवा, सेटिंग कुठे आहे ते सांगतो.